ओट्यावर बसवलेली आई

माझ्या भावाने आमच्या गेलेल्या आईचा पुतळा करून घराच्या ओट्यावर बसवला. हे मी रागाने लिहिते आहे. राग निवला की लिहू, असं आधी ठरवलं होतं. तो निवला नाही, आणि आता निवावा असंही वाटत नाही.

आमचं घर गास गावात. मी लग्नानंतर बोळिंजला, इमारतीतल्या घरात राहते. गासच्या घरी बाबा, भाऊ आणि वहिनी. जुनं कौलारू घर पाडून भावाने तिथे बंगला बांधला, पण पुढे ओटा ठेवला, कारण आईने तेवढं एकच मागितलं होतं. मागे वाडीचा तुकडा उरला आहे, त्यात केळी आणि थोडी भाजी. आम्ही पिढ्यानपिढ्यांचे कॅथलिक. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. घरात आमची बोली बोलतो. ती मी इथे साध्या मराठीत उतरवली आहे, कारण ती लिहायला गेलं की माझा हात अडखळतो.

आई गेल्या वर्षी एप्रिलअखेर गेली. फार आजारी पडली नाही, आठवडाभर अंथरुणावर होती. तिच्याविषयी खूप सांगता येईल, पण या हकिकतीपुरतं एकच सांगते. प्रार्थना करताना आईचा चेहरा आम्ही कधी पाहिला नाही.

आमच्याकडे संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, म्हणतात. दिवाणखान्याच्या भिंतीवर छोटा अल्तार असतो, त्यावर क्रूस आणि मारियामातेची मूर्ती. आई सगळ्यांत पुढे बसायची, अल्तारासमोर जमिनीवर, आणि आम्ही तिच्या मागे. त्यामुळे ‘नमो मारिया’ म्हटलं की मला आजही तिची पाठ दिसते. पोलक्यावरचा घामाचा डाग, मानेवर सैल झालेला अंबाडा, त्यात अबोलीची चार फुलं, आणि लाल चौकड्यांच्या लुगड्याचा खांद्यावरून घसरणारा पदर. मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी लादीन असायची, म्हणजे सगळी आळी जमून गाण्यातली प्रार्थना. शेवटी उकडलेले चणे वाटत. तिथेही आवाज आईचाच पहिला आणि तोंड क्रुसाकडे. आम्ही पोरं मागे चण्यांच्या पातेल्याकडे बघून खुसखुसायचो. ती वळायची नाही. एक हात मागे आणून बोटांनी चुटकी वाजवायची, आणि सगळी रांग गप्प व्हायची.

अल्तारावरच्या मूर्तीचं तिला कौतुक होतं, भय नव्हतं. ख्रिसमसच्या आधी ती मूर्ती उचलून मोरीत नेई आणि भांड्यांच्या साबणाने घासून काढी. एकदा तिच्या हातून मूर्तीचं करंगळीचं टोक उडालं. वहिनीचा चेहरा उतरला. आईने तुकडा गोंदाने चिकटवला आणि म्हणाली, “ही माती आहे गं बाई. ऐकणारा वर आहे, त्याचं बोट नाही मोडलं.”

अशा बाईचा पुतळा.

भावाने कुठल्याशा लग्नाच्या हॉलमध्ये एका कुटुंबाच्या आजोबांचा तसा पुतळा पाहिला होता. खरे वाटणारे केस, खरे कपडे, सगळे पाहुणे शेजारी उभे राहून फोटो काढत होते. तेच त्याच्या डोक्यात बसलं. आधी त्याने माझ्याकडून आईचे फोटो मागून घेतले. मला वाटलं, वर्षाच्या मिस्साचं, म्हणजे वर्ष झाल्यावर देवळात होणाऱ्या प्रार्थनेचं, स्मरणकार्ड छापणार असेल. एवढ्या लवकर कसं, असं मनात आलं, पण होते तेवढे सगळे दिले. पुढे पावसाळा संपता संपता त्याचा फोन आला. आईच्या कानातलं जरा हवंय, म्हणाला. ते आईने जाण्याआधी स्वतःच्या हाताने काढून माझ्या हातात ठेवलं होतं. कशाला हवंय, विचारलं, तर आधी विषय बदलला. मग म्हणाला, “आईलाच घालायचंय, ताई.”

असं मला पुतळ्याचं कळलं. मी त्याला म्हटलं, बायबलातल्या लोकांनी वाळवंटात हेच केलं होतं. मोशे डोंगरावरून परतायला उशीर झाला, लोकांना धीर धरवेना, तेव्हा त्यांनी बायकापोरांच्या कानातलंच सोनं गोळा केलं आणि त्याचं वासरू ओतून त्यालाच देव मानलं. त्याला ही गोष्ट माहीत होती, दोघांनीही ती एकाच बाकावर बसून ऐकली होती. तो हसला. “तुझं सगळं पुस्तकातलं असतं, ताई. राहू दे कानातलं, इमिटेशनचं आणतो.”

आणि त्याने आणलं.

डिसेंबरात पुतळा आला. फायबरचा, खुर्चीवर बसलेला, ओट्याच्या भिंतीला टेकवून रस्त्याकडे तोंड केलेला. अंगावर आईचं खरं लुगडं, तिचं सणाचं. हातात तिची रोझरी. करणाऱ्याने मोटर बसवून मान हलती करून देतो असंही सुचवलं होतं, ते वहिनीने हाणून पाडलं, तिचे उपकार. मी पहिल्यांदा जवळ जाऊन पाहिलं, आणि तो पुतळा वाईट नव्हता. ओठाच्या कोपऱ्यातली ती किंचित तिरकी घडीसुद्धा होती. पदर खांद्यावरून घसरल्यासारखा वाटला म्हणून माझा हात पुढे गेला, आणि बोटांना ते कडक, थंड, रंगवलेलं काहीतरी लागलं. हात मागे घेतला. मूर्तीचा धोका काय असतो, हे मी इतक्या वर्षांच्या प्रवचनांतून शिकले नव्हते, ते त्या एका क्षणात शिकले. ती कुरूप असती तर प्रश्नच नव्हता.

भावाला पुतळ्यावर फादरांचा आशीर्वाद हवा होता. फादर म्हणाले, मी घराला आशीर्वाद देतो, पुतळ्याला नाही. ऐकायला बरं वाटलं. प्रत्यक्षात ते ओट्यावर उभे राहून पवित्र पाणी शिंपडत होते, चार थेंब पुतळ्यावर पडले, भावाच्या मित्राने मोबाइलवर तेवढंच टिपलं, आणि संध्याकाळी ते अर्ध्या गावाच्या स्टेटसवर होतं. मी नंतर फादरांना गाठलं. ते समजुतीने म्हणाले, लोकांचं प्रेम असतं, हळूहळू कळतं त्यांना. पहिल्या आज्ञेवरचं, म्हणजे माझ्याशिवाय दुसरा देव मानू नकोस यावरचं, प्रवचन मी याच फादरांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यात मोबाइल होता, दारू होती, क्रिकेट होतं. आमचा ओटा नव्हता.

मग जे व्हायचं ते सुरू झालं. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका फाटकातून आत येऊन आईच्या पायांना हात लावू लागल्या. कुणी मेणबत्ती लावली. मेण लादीवर सांडलं म्हणून भावाने तिथे स्टीलचं ताट आणून ठेवलं, म्हणजे रीतसर जागाच झाली. आळीतल्या एका बाईने मुलाचं परीक्षेचं हॉल तिकीट आईच्या मांडीवर ठेवून हात जोडले. माझी आई सातवी शिकलेली. परीक्षेचं नाव काढलं की तिला घाम फुटायचा.

एका रविवारी राजोडीच्या किनाऱ्यावर निघालेली एक मोटार फाटकाशी थांबली. आतून एक बाई उतरली, चपला काढल्या, लांबूनच नमस्कार केला, आणि भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या मला विचारलं, “कौनसी माता है?”

मी म्हटलं, “मेरी.”

तिने मान डोलावली, पुन्हा नमस्कार केला आणि गेली. मला तिचा राग आला नाही. तिने तिच्या श्रद्धेने केलं. तिला कुणी पहिली आज्ञा शिकवली नव्हती. आम्हाला शिकवली होती, आणि देवाला वचन आम्ही दिलं होतं, तिने नाही. तसंच आमच्या शेजारच्या काकांचं. ते वाडवळ, पिढीजात बागायतदार, बाबांचे बालमित्र, घरी गणपती आणणारे. ते एकदा ओट्याच्या कठड्यावर बसून बाबांना म्हणाले, “अरे, आमचा देव दीड दिवसाने जातो. आमच्या वहिनीचं विसर्जन कधी?”

भावाला ते झोंबलं. मला वाटलं, आमच्यातल्या कुणी बोलायला हवं होतं ते यांना बोलावं लागलं.

हे सगळं मी सोसलं असतं. लोकांचं हसं, फोटो, मेणबत्त्या, तेही. मला सोसवलं नाही ते बाबांचं.

आई आणि बाबा रोज पहाटेच्या मिस्साला चालत जायचे. ती पुढे, हे दोन पावलं मागे. आई गेल्यावर बाबा एकटे जायला लागले. थकले होते, पण जात होते. देवळात तिच्या नेहमीच्या बाकावर बसायचे आणि तिची जागा मोकळी ठेवायचे. मला त्यांची काळजी वाटत नव्हती. दुःखाने माणूस देवाशी भांडतो, रुसतो, पण बोलत असतो तोवर ठीक असतं. पुतळा आला आणि बाबांचं जाणं बंद झालं. आधी पहाटेचं, मग रविवारचं. गुडघ्याचं निमित्त सांगायचे, पण त्याच गुडघ्यांनी वाडीत फिरायचे.

सकाळी चहा झाला की ते ओट्यावर तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत. एक कप तिच्यापुढे ठेवत. रोझरी तिच्याकडे तोंड करून म्हणत. सुरुवातीला म्हणायचे, तू सांग त्याला. एवढं मी समजू शकत होते, गेलेल्या माणसांना आपण प्रार्थनेत हाक मारतोच. मग एके दिवशी मी फाटकातून आत येत होते, त्यांचं लक्ष नव्हतं, आणि ते पुतळ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “माझा गुडघा बघ ना जरा. तुझ्या हातात आहे.”

तिच्या हातात. ज्याला आयुष्यभर हाक मारली तो त्या वाक्यात कुठेच नव्हता. आमच्या बाबांचा देव त्या ओट्यावर हळूहळू बदलला जात होता, घरातली एखादी वस्तू बदलावी तसा, आणि घरात कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. भाऊ म्हणाला, त्यांना बरं वाटतं, वाटू दे. वहिनी म्हणाली, निदान जेवतात तरी. मी बाबांशी बोलले. फार हळू, मला मोठ्याने बोलता येत नाही. ते ऐकून घेत आणि नजर पुतळ्याकडे नेत, जणू दोघांनी मिळून माझं ऐकून घ्यायचं ठरवलं आहे.

ईस्टरलाही ते आले नाहीत. मग वर्षाची मिस्सा जवळ आली, आईच्याच आत्म्यासाठीची. मी त्यांना न्यायला येते म्हणाले. बाबा म्हणाले, “मी कसा येऊ? तिला एकटीला सोडून?”

त्या वाक्यावर मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. बाबांवर नाही. ज्याने त्यांच्या दुःखाला खुर्चीवर बसवलं, ज्याने त्यावर पाणी शिंपडलं, ज्यांनी पायांना हात लावले, त्या सगळ्यांवर. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्या घरात एक म्हातारा माणूस बायकोच्या मिस्साला येत नव्हता, कारण त्याची बायको ओट्यावर होती.

मिस्साच्या आदल्या संध्याकाळी घरी रोझरी ठेवली होती. आळीतली माणसं आली, शेजारचे काकाही येऊन कठड्यावर बसले. आत उकडतं म्हणून भावाने सगळ्यांना ओट्यावर आणि अंगणात बसवलं. दिवाणखान्याचं मोठं दार सताड उघडं होतं, आतला अल्तार बाहेरून दिसत होता, त्यावरचा दिवा लावलेला होता. आणि सगळी माणसं पुतळ्याकडे तोंड करून बसली. म्हणजे अल्तार पुतळ्याच्या पाठीशी, आणि दाराकडे कुणाचीच नजर नाही. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. भाऊ रोझरी सुरू करणार एवढ्यात मी उभी राहिले. आयुष्यात चार माणसांपुढे मी स्वतःहून बोललेली नाही. माझा आवाज चिरका निघाला.

मी म्हटलं, “आईला अल्ताराकडे वळवा. मग सुरू करू.”

भाऊ दबक्या आवाजात म्हणाला, ताई, आज नको. वहिनीने माझा हात धरला. मी म्हटलं, आई आयुष्यात कधी अल्ताराकडे पाठ करून बसली का, ते सांगा. एकाने जरी पाहिलं असेल तर मी खाली बसते.

मग बाबा बोलले. “वळवा. तिला हे चालणार नाही.”

मला वाटतं, ते माझ्या बाजूने बोलले नव्हते. ते तिच्या बाजूने बोलले होते. पण वळवायला सांगितलं, एवढं खरं.

भाऊ आणि काका पुढे झाले. खुर्चीसकट उचलायचं म्हणून काकांनी जोर लावला आणि त्यांचा तोल गेला, कारण पुतळ्याला वजनच नव्हतं. “वहिनी फार हलक्या झाल्या,” ते पुटपुटले. आई चांगली अंगाने भरलेली होती. लादीनीला तिच्या मागे तीन पोरं लपायची. कुणीतरी हसलं. मग त्यांनी खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून ठेवली, आणि हसणं थांबलं.

पुतळ्याला पाठ नव्हती.

भिंतीला टेकवायचा म्हणून करणाऱ्याने मागची बाजू घडवलीच नव्हती. डोक्यावर केस पुढून कानांपर्यंत लावलेले, मागे राखाडी, खडबडीत फायबर. अंबाडा नाही. मानेच्या खाली मोठं भोक, आतून एक लोखंडी सळई दिसत होती. आईचं सणाचं लुगडं पडद्यासारखं पुढून ओढून मागे नाडीने बांधलेलं, आणि ते तसं बसावं म्हणून मधोमध कापलेलं. आम्हाला सगळ्यांना आईची जी बाजू तोंडपाठ होती, नेमकी तीच तिथे नव्हती.

बाबा उठले. गुडघ्यावर हात टेकत हळूहळू जवळ गेले. जिथे अंबाडा असायचा तिथे हात नेला, आणि मग खाली त्या भोकाच्या कडेवरून बोटं फिरवली. कड धारदार होती. त्यांनी हात काढून घेतला. मग भावाकडे वळून, न रागावता, म्हणाले, “ही ती नाय रे.”

भावाचा चेहरा मला पाहवेना. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “त्यांनी पाठीचा फोटो मागितला होता, ताई. आपल्याकडे एकही नव्हता.” त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. मला त्याची दया आली, हे लिहायला हवं. पण राग गेला नाही. कापलेलं लुगडं माझ्या डोळ्यांपुढे होतं.

बाबा पुतळ्याला वळसा घालून आत गेले. अल्तारासमोर आई जिथे बसायची तिथे खाली बसायचा प्रयत्न केला, गुडघे वळेनात, तर भिंतीला धरून उभे राहिले. आणि त्यांनी रोझरी सुरू केली. आईच्या मागे इतकी वर्षं उत्तरं देणारा तो माणूस पुढे उभा राहून पहिली ओळ म्हणत होता, चुकत होता, पुन्हा म्हणत होता. माणसं एकेक उठून आत आली. मी दाराशी उभी राहिले. माझ्या डाव्या हाताला तो पुतळा होता. एकदाही तिकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गासला पोहोचले तेव्हा बाबा पांढरा शर्ट घालून पायरीवर बसले होते. मला म्हणाले, उशीर केलास.

हे असं संपलं असतं तर मी कदाचित लिहिलं नसतं. पण पुतळा अजून तिथेच आहे. मिस्साहून परत येईपर्यंत भावाने तो पुन्हा भिंतीला टेकवून रस्त्याकडे तोंड करून ठेवला होता. मागची बाजू करून घेतो, माणसाशी बोलणं झालंय, असं तो सांगत असतो. बायका अजून येतात, ताटात मेण साठतं. त्या संध्याकाळी ज्यांनी ते भोक डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्यातल्याही काही जणी येतात. हे मला कळत नाही आणि मी ते माफ करू शकत नाही. फादरांना मी पुन्हा भेटले, पुन्हा तेच ऐकून आले. पुन्हा भेटेन.

बाबा ओट्यावरून येता-जाता थांबत नाहीत. चहा आत घेतात. कधीतरी तिकडे नजर जाते, ती मी पाहिली आहे; मी काही बोलत नाही.

त्या मिस्साला कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र प्रसाद घेण्याच्या, रांगेत ते माझ्यापुढे होते. कित्येक महिन्यांनी. शर्टाच्या पाठीवर घामाचा डाग पडला होता, मानेवरचे केस कापायला झाले होते. रांग सरकली तसे ते एकेक पाऊल पुढे जात होते, आणि मला त्यांची फक्त पाठ दिसत होती.